बंगळुरूला जावं की नको? (मुलगी यंदा सहावीत)

पाटीपेन्सिल
नमस्कार. आजवर वाचनमात्रच होते, पहिल्यांदाच धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर हलवावा.

आम्ही पुण्यात राहतो. नवरा खासगी कंपनीत आहे, त्याला बंगळुरूच्या ऑफिसात वरची जागा देऊ केलीय. पगार साधारण सव्वापट होईल. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. मुलगी यंदा सहावीत जाईल, मुलगा पहिलीत. सासूबाई बहात्तर वर्षांच्या, आमच्याजवळच असतात. कंपनीला महिनाभरात उत्तर द्यायचंय.

कागदावर दोन रकाने पाडून बसलो. चांगल्यात पगार, हवा, नवऱ्याची पुढची वाट. वाईटात माझी नोकरी, सासूबाई, भाषा. तीनास तीन. तिथेच अडकलोय. आमच्या डोक्यात न आलेलं काही असेल तर सांगा.

सिल्कबोर्ड_सिग्नल
बंगळुरूत बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून आधी घराचं सांगतो.

पुण्यात दोन-तीन भाड्यांचं डिपॉझिट देऊन आपण घरात शिरतो. इथे दहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायची जुनी रीत आहे. अलीकडे पाच-सहावरही तडजोड होते, पण घासाघीस करावी लागते. घर सोडताना रंगकामाचं म्हणून एक भाडं कापून घेतात, घराला रंग लागो न लागो. करार बहुतेक वेळा अकरा महिन्यांचा, स्टॅम्पपेपरवर. आपल्याकडे भाडेकरार नोंदवणं बंधनकारक आहे, इथे तसा करार कुणी नोंदवत नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून तो सगळीकडे चालत नाही हे लक्षात ठेवा.

दुसरं, पाणी. घर बघताना पहिला प्रश्न 'कावेरीचं कनेक्शन आहे का' हाच विचारा. नुसत्या बोअरवेलवर आणि टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांचे मार्च २०२४ मध्ये काय हाल झाले ते सगळ्या देशाने पाहिलं. शहराचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून पंपाने वर चढवून आणलेलं असतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये कावेरी पाणीयोजनेचा पाचवा टप्पा सुरू झाला, पण तुमच्या गल्लीत नळ आलाय का हे डोळ्यांनी बघूनच ठरवा.

तिसरं, वाहतूक. माझ्या नावावरूनच कळलं असेल, सिल्क बोर्ड हा इथला वाहतूक कोंडीसाठी बदनाम चौक. घर ऑफिसजवळ घ्या, भाडं जास्त पडलं तरी.

आणि हवा म्हणाल तर खरंच उत्तम. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या वर आहे, मेमध्येही रात्री पांघरूण लागतं. त्या रकान्यावर काट मारू नका.

गारवा
सव्वापट पगार नवऱ्याचा. तुमचा पगार गेला की घरात येणारा एकूण पैसा वाढतो की घटतो? धाग्यात हे गणितच नाही. अनुभवी जि. प. शिक्षिकेचा पगार काही चिल्लर नसतो.

पाटीपेन्सिल
@गारवा, घटतो. थोडासा, पण घटतो. नवऱ्याचं म्हणणं, दोन-तीन वर्षांत त्याचा पगार आणखी वाढेल आणि भरून निघेल.

मावळतीचा_वारा
हे असंच चालत राहणार. मराठी माणूस रकाने पाडत बसतो आणि बाकीचे गाडीत बसून निघून जातात. अहो, शिंदे, होळकर, गायकवाड घरी बसले असते तर ग्वाल्हेर, इंदूर, बडोदा झालं असतं का? तंजावरात आजही मराठी बोलणारी घरं आहेत. राज्यघटनेच्या १९व्या कलमाने देशात कुठेही राहायचा हक्क दिलाय, तो वापरा. नोकऱ्या येतात-जातात.

सातारी_कंदील
वारेसाहेब, होळकर सैन्य घेऊन गेलं होतं. ताई दोन पोरं अन् सासूबाई घेऊन चालल्यात.

मावळतीचा_वारा
:) मान्य. तरी मुद्दा सोडत नाही.

कोरा_कागद
कुणी गाडीबद्दल बोललं नाही म्हणून लिहितो.

एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिची तिथे नव्याने नोंद करावी लागते, असं मोटार वाहन कायदा सांगतो. आधी पुण्याच्या आरटीओकडून ना-हरकत घ्यायची. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचंही पत्र लागतं. मग कर्नाटकात गाडीच्या वयाप्रमाणे आजीवन रस्ता कर भरायचा आणि इथे भरलेल्या करातला उरलेल्या वर्षांचा हिस्सा महाराष्ट्राकडून परत मागायचा. भरणं लगेच होतं, परत मिळणं निवांत. कर्नाटकाचा रस्ता कर देशातल्या चढ्या करांपैकी आहे. जुनी गाडी असेल तर विकून जाणं कधीकधी स्वस्त पडतं.

नवी घेणार असाल तर नंबरप्लेटची बीएच मालिका बघा. २०२१ पासून आहे. कंपनीची कार्यालयं चार किंवा जास्त राज्यांत असतील तर खासगी नोकरदारालाही मिळते. कर दोन-दोन वर्षांचा भरायचा, बदली झाली तरी नंबर तोच.

व्यवसाय कर दोन्हीकडे जवळजवळ सारखा, त्याचा विचारही करू नका. आयकर केंद्राचा, तो कुठेही तोच. पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) बदलत नाही.

अबोली_काकू
गाडी, डिपॉझिट, पाणी हे सगळं पैशाने सुटतं हो. मला मुलीचं सहावीत जाणं जास्त महत्त्वाचं वाटतंय. माझ्या भाच्याचं सांगते.

भावाने आठवीत असताना त्याला बंगळुरूला नेलं. दहावी, बारावी तिथेच झाली. मुलगा हुशार, नीटला (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला) मार्क चांगले. अर्ज भरायच्या वेळी कळलं की महाराष्ट्राच्या ८५ टक्के कोट्यासाठी दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवी. ती नव्हती. कर्नाटकाच्या कोट्यासाठी तिथे किमान सात वर्षं शिकलेलं हवं. ती भरत नव्हती. राहिला अखिल भारतीय १५ टक्के कोटा, त्यात सगळा देश. खासगी आणि अभिमत महाविद्यालयांच्या जागा खुल्या असतात, पण फी बघून भाऊ गप्पच झाला. पोरगं ना इथलं ना तिथलं.

टीपकागद
एवढं घाबरवू नका. जायच्या आधी महाराष्ट्राचं डोमिसाईल (अधिवास प्रमाणपत्र) काढून ठेवायचं. झालं काम.

नियमावली_वाचक
टीपकागद, नाही होत काम. निदान मेडिकलसाठी नाही. हा गोंधळ सर्रास होतो म्हणून फोड करून लिहितो. माहितीपत्रक दरवर्षी नवं निघतं, तेव्हा त्या वर्षीचं स्वतः वाचावं.

महाराष्ट्रात मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र लागतंच, पण त्याबरोबर दहावी-बारावी इथली लागते. बदलीवर असलेल्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या मुलांना काही अपवाद आहेत, खासगी नोकरीवाल्यांना ते लागू नाहीत.

इंजिनिअरिंगचं वेगळं. तिथे दहावी-बारावी बाहेरून केलेल्या मुलालाही, आई किंवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील आणि तसं प्रमाणपत्र असेल, तर महाराष्ट्राचा उमेदवार धरतात. त्याला टाइप बी म्हणतात. म्हणजे बारावी बंगळुरूत झाली तरी एमएचटी-सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा देऊन पुण्यात प्रवेश मागता येतो. टीपकागद म्हणतात ते इथे खरं आहे.

एनआयटीचं, म्हणजे केंद्राच्या इंजिनिअरिंग संस्थांचं, तिसरंच. तिथल्या निम्म्या जागा गृहराज्याच्या, आणि गृहराज्य म्हणजे जिथून बारावी केली ते. बारावी कर्नाटकात केली तर नागपूरचं व्हीएनआयटी तुमच्यासाठी परराज्यातलं आणि कर्नाटकातल्या सुरतकलचं एनआयटी घरचं. अधिवासाला तिथे कुणी विचारत नाही.

आता कर्नाटकाची सात वर्षं. पहिली ते बारावी यांतली कोणतीही सात, आणि दहावी किंवा बारावीची परीक्षा तिथून. धागाकर्तीची मुलगी यंदा सहावीत. सहावी, सातवी, आठवी, नववी, दहावी, अकरावी, बारावी. मोजा. बरोबर सात. यंदा जूनमध्ये गेलात आणि बारावीपर्यंत तिथेच राहिलात तर ती कर्नाटकाची. पुढच्या वर्षी नेलंत तर सहाच भरतात. मग दहावीच्या आधी परत आणणं किंवा अबोलीकाकूंच्या भाच्याची गत, यातलं एक.

मुलगा पहिलीत, त्याला काही घाई नाही.

पाटीपेन्सिल
बापरे. आमचा विचार असा होता की नवरा वर्षभर पुढे जाईल, घर-शाळा बघेल, मग आम्ही सगळे जाऊ. सगळ्यांनी हाच सल्ला दिला होता. म्हणजे नेमका तोच पर्याय मुलीसाठी सगळ्यात वाईट?

नियमावली_वाचक
मेडिकलची शक्यता उघडी ठेवायची असेल तर हो. एक तर आत्ता सगळे जा आणि तिथलेच व्हा, नाहीतर मुलीला दहावी-बारावीसाठी इथे ठेवायचं नक्की करा. मधला रस्ता दिसायला शहाणपणाचा आहे, पण तोच महाग पडतो.

गारवा
पण अकरा वर्षांच्या मुलीला डॉक्टर व्हायचंय की चित्रकार, हे आत्ता कुणाला ठाऊक? आपण तिचं सगळं आयुष्य एका प्रवेश परीक्षेच्या कोट्यावर मोजतोय.

अबोली_काकू
ते ठाऊक नाही म्हणूनच तर दार बंद करू नये.

भीमातीर
एक नाजूक मुद्दा, पण बोलायला हवा. तुम्ही आरक्षित प्रवर्गातल्या असाल तर दुसऱ्या राज्यात गेल्यावर तिथल्या राज्याच्या जागांवर आपलं प्रमाणपत्र चालत नाही. जातीचं नाव दोन्ही राज्यांच्या यादीत असलं तरी नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये हे ठरवलं. ते प्रकरणसुद्धा मुंबईतल्या मेडिकल प्रवेशाचं होतं, आंध्रातून आलेल्या कुटुंबातल्या मुलाचं. २०१८ मध्ये घटनापीठाने तेच कायम ठेवलं. केंद्राच्या नोकऱ्या आणि केंद्रीय संस्थांत महाराष्ट्राचं प्रमाणपत्र चालतं, ओबीसींचं केंद्रीय यादीत नाव असेल तर. २०२४ चं एसईबीसी (मराठा) आरक्षण मात्र फक्त महाराष्ट्रापुरतं.

माझ्या मते हा मुद्दा पगाराच्या वर लिहायचा असतो. आमच्या घरात याच कारणाने हैदराबादचं जाणं रद्द झालं.

पाटीपेन्सिल
@भीमातीर, आम्हालाही लागू आहे. सांगितलंत ते बरं झालं, हे नवऱ्याच्या आणि माझ्याही डोक्यात नव्हतं. म्हणजे ती सात वर्षं भरली तरी तिथे खुल्या गटातच?

भीमातीर
राज्याच्या कोट्यात, हो.

फुलस्टॉप
अवांतर: हैदराबादचा विषय निघालाच आहे तर, तिथेही मेडिकलच्या राज्य कोट्यासाठी नववी ते बारावी सलग चार वर्षांची अट आहे. बाकी मराठी माणसाला हैदराबाद सोपं जातं. १९५६ पर्यंत मराठवाडा त्याच राज्यात होता, जुनी मराठी घरं आणि विवेकवर्धिनीसारखी संस्था तिथे आहे. हिंदीवर दिवस निघतो.

मावळतीचा_वारा
बंगळुरूतही हिंदी-इंग्रजीवर निघतो. भाषेचा बाऊ करू नका.

सिल्कबोर्ड_सिग्नल
ऑफिसात निघतो. भाजीवाल्याशी, रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या वॉचमनशी चार शब्द कन्नडमध्ये बोललात तर समोरचा माणूस निवळतो, नाहीतर तुटक वागतो. मला यात काही गैर वाटत नाही. आपण पुण्यात दुसऱ्यांकडून हीच अपेक्षा ठेवतो. पाट्यांवर साठ टक्के कन्नडचा कायदा आला तेव्हा इथले मराठी लोक कुरकुरत होते, त्यातलेच अर्धे आपल्याकडच्या मराठी पाट्यांवर टाळ्या वाजवतात.

मुलीच्या शाळेचं मात्र बघा. २०१५ च्या कायद्याने शाळांत पहिली ते दहावी कन्नड पहिली किंवा दुसरी भाषा आहे, टप्प्याटप्प्याने लागू केलंय. पहिलीतला मुलगा सहज शिकेल. सहावीत अचानक आलेल्या मुलीला काय सवलत मिळते ते त्या त्या शाळेला लेखी विचारा. तोंडी 'नो प्रॉब्लेम मॅडम' सगळेच म्हणतात.

जुलै २०२४ मध्ये खासगी नोकऱ्यांत स्थानिकांना आरक्षणाचं विधेयक आलं होतं. गदारोळ झाला आणि सरकारने ते थांबवलं. उद्या परत येणार नाही असं कुणी सांगू शकत नाही. हरियाणाने केलेला तसा कायदा २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केला होता.

खडू_डस्टर
मीही जि. प. मध्येच. ताई, तुमच्या नोकरीवर कुणीच नीट लिहिलं नाही म्हणून हा प्रपंच.

आपली आंतरजिल्हा बदली होते, आंतरराज्य होत नाही. आपली जागा महाराष्ट्राची, ती सीमेपलीकडे नेता येत नाही. मग राहतं काय? असाधारण रजा, म्हणजे बिनपगारी. ती मागता येते, पण मंजूर करणं वरिष्ठांच्या हातात, हक्क म्हणून मिळत नाही. सेवेवर परिणाम काय होतो ते आस्थापनेकडून आधी समजून घ्या. बालसंगोपन रजा पूर्ण सेवेत १८० दिवसांची, ती तुकड्यातुकड्यांनी वापरायची. मुलं दहावी-बारावीला येतील तेव्हा लागेल, आत्ता उडवू नका. स्वेच्छानिवृत्ती वीस वर्षांच्या अर्हताकारी (पेन्शनला धरल्या जाणाऱ्या) सेवेनंतर मागता येते. नोव्हेंबर २००५ नंतर लागला असाल तर जुन्यांचं बघून पेन्शनचा हिशोब मांडू नका, आपला वेगळा आहे.

राजीनामा दिला तर परत यायची वाट नवीन भरतीतून. शिक्षक पात्रतेची टीईटी, अभियोग्यता चाचणी, भरतीचं पवित्र पोर्टल, सगळं पहिल्यापासून, तेही वयाच्या अटीत बसलात तर. तिकडे सीटीईटी (केंद्राची टीईटी) असेल तर सीबीएसई शाळांत नोकरी मिळू शकते, पण खासगी शाळेत आपल्याएवढा पगार आणि आपल्याएवढी सुरक्षितता क्वचित. नवऱ्याची नोकरी खासगी. ती उद्या गेली तर परक्या गावात दोघंही घरी, दोन पोरं शाळेत, हे चित्र एकदा बोलून घ्या. राग मानू नका.

पाटीपेन्सिल
राग कसला. वीस वर्षांना अजून अवकाश आहे माझ्या. आणि हे चित्र आम्ही बोललेलो नाही. नवरा 'होईल काहीतरी' म्हणतो, मी गप्प बसते.

मावळतीचा_वारा
खडू_डस्टर यांचा प्रतिसाद वाचून माझी पगडी थोडी सैल केली. बाईच्या पक्क्या नोकरीला 'नोकऱ्या येतात-जातात' हे माझं वाक्य लागू होत नाही. तरीही एक विचारतो. नवऱ्याने ही संधी सोडली आणि पुण्यात अडकून राहिला, तर त्याची किंमत कुणी मोजतंय का? त्याचाही रकाना हवा. चाळिशीत नाकारलेली वरची जागा पन्नाशीत टोचते.

गारवा
हे पटलं.

सातारी_कंदील
सासूबाईंचं कोण बोलंना. म्हातारं माणूस नवीन गावात नेलं की घरातल्या घरात बसतं. पुण्यात खाली उतरलं की चार बायका बोलायला भेटत्यात, तिथं लिफ्टमध्ये पण भाषा आडवी येती. माझ्या आईला मुलानं म्हैसूरला नेलं, हवा झकास, घर झकास, आईचं एकच, 'मला बोलायला कोण न्हाई.' शेवटी गावाकडं आणलं.

दवाखान्याचं पण बघा. महात्मा फुले योजना मुख्यतः आपल्याच राज्यातल्या दवाखान्यांची. सत्तरीच्या पुढच्यांना केंद्राचं आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांचं, उत्पन्नाची अट न्हाई. ते इथंच काढून ठेवा. पण तिकडं कुठला दवाखाना घेतो ते आधी फोन करून विचारायचं, कार्ड दाखवल्यावर न्हाई.

कोरा_कागद
आणखी एक. घरचा आरोग्य विमा असेल तर कंपनीला पत्ता कळवा. काही पॉलिसींत शहरांचे गट असतात, हप्ता त्यावर ठरतो.

फुलस्टॉप
सासूबाईंच्या येण्याजाण्याचं: उद्यान एक्सप्रेस पुण्यावरून जाते. दुपारच्या सुमारास बसलं की दुसऱ्या दिवशी सकाळी बंगळुरू. रस्त्याने साताऱ्यावरून, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी करत सुमारे साडेआठशे किलोमीटर. गणपती-दिवाळीला खासगी बसचे दर बघून विमानच परवडतं असं वाटतं.

पाटीपेन्सिल
सगळ्यांचे प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवले. रात्री उशिरापर्यंत बोललो. सविस्तर लिहिते, कुणाला पुढे उपयोगी पडलं तर.

मुलांना न्यायचं नाही. मुलीची दहावी-बारावी इथेच होणार. भीमातीर यांचा मुद्दा आणि सात वर्षांचं गणित एकत्र केल्यावर तिला तिकडे नेऊन आम्हाला काही मिळत नव्हतं, हातचं जात मात्र होतं. मी नोकरी सोडणार नाही. रजेचं विचारेन, पण त्यावर भिस्त नाही.

नवरा जाणार आहे, एकटा. त्याने कंपनीला दोन वर्षांची मुदत आणि महिन्यातला एक आठवडा पुण्याच्या ऑफिसातून काम असं मागितलंय. मेलवर लेखी घेतल्याशिवाय होकार द्यायचा नाही असं मी सांगितलंय. दोन घरांचा खर्च मांडला तर सव्वापटीतला वरचा बराचसा भाग तिकडचं भाडं आणि प्रवास खाणार. म्हणजे पैशासाठी हे करत नाही आहोत. त्याला ती जागा हवी आहे, वारेसाहेब म्हणाले ते टोचणं नको म्हणून करतोय. हे दोघांनी एकमेकांना स्पष्ट सांगितलं, बरं वाटलं.

मुलगी हिरमुसलीय. तिला विमानतळाजवळच्या शाळेत जायचं होतं म्हणे!

दोन प्रश्न उरलेत. नवऱ्याने गाडी न्यावी का? आणि मतदार यादीतलं नाव हलवावं का?

अबोली_काकू
दोन वर्षं म्हणजे दोनच का, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा. 'अजून एकच वर्ष' याला अंत नसतो.

खडू_डस्टर
अधिवास प्रमाणपत्र मात्र आत्ताच काढा, चौघांची. इथे पंधरा वर्षं राहिल्याचे पुरावे आत्ता हाताशी आहेत. आपले सरकार पोर्टलवरून अर्ज करा. जून-जुलैत तहसीलला प्रवेशवाल्यांची झुंबड असते, त्याआधी उरका.

कोरा_कागद
गाडी इथेच ठेवा. तुम्हाला मुलांना आणि सासूबाईंना घेऊन फिरायला लागेल, आणि एकट्या माणसाला बंगळुरूत मेट्रोजवळ घर घेतलं तर गाडीची गरज नाही. नेलीच तर बारा महिन्यांचं लक्षात ठेवा. टोलच्या पावत्या आणि विम्याचा पत्ता यांवरून गाडी कधीपासून तिथे आहे ते कळतं.

मतदार यादीचं: नाव जिथे नेहमी राहतो तिथे हवं, दोन्हीकडे ठेवणं गुन्हा आहे. बस्तान खरंच हललं तर फॉर्म ८ भरून नाव तिकडे नेता येतं, ऑनलाइन होतं. तो फक्त त्याचा भरायचा. तुमचं आणि सासूबाईंचं नाव आहे तिथेच राहील.